सेवेरो परत येतो ते पान

पान १७२

यानेतने खिडकी बदलली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या कारखान्यात रोज दहा वाजता पाहुणे येतात. तीन जिने चढून धापा टाकतात, मग यानेत त्यांना भिंतीवरची पाटी दाखवते. पंच्याण्णव वर्षांपूर्वी याच दालनात एक वाचक उंच खुर्चीवर बसून चिरूट वळणाऱ्यांना कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि एक दिवस त्याने आमच्यावरच कादंबरी लिहिली. पाटीवर त्याचं नाव आहे. आम्ही त्याला ‘पाटीवाला’ म्हणतो आणि त्याच्या कादंबरीला ‘घरची’. पाटी झाली की खिडकी. कादंबरीतली आम्पारो या खिडकीत बसून तंबाखूच्या पानांच्या शिरा काढायची आणि नवऱ्याच्या होडीची वाट पाहायची. इथून बंदर दिसतं, पलीकडच्या काठावरचं रेग्ला दिसतं. पाहुणे फोटो काढतात. एखादी बाई डोळे पुसते. शेवट यानेत कधीच सांगत नाही. पूर्वी खाली दुकानात पुस्तक विकायला असायचं, म्हणून सांगायची नाही. आता दुकानात फक्त कप आणि टोप्या असतात, तरी तिची सवय गेलेली नाही.

त्या खिडकीखाली माझं बाक आहे. गेली नऊ वर्षं जगभरच्या फोटोंत माझं अर्धं डोकं जातंय.

त्या सोमवारी यानेत पाहुण्यांना घेऊन माझ्याकडे आलीच नाही. ती सरळ दुसऱ्या टोकाला, जिन्याजवळच्या खिडकीशी गेली. तिथून फक्त बेकरीचं छप्पर दिसतं. पाहुण्यांनी छपराचे फोटो काढले. एका बाईने छपराकडे बघून डोळे पुसले.

शेजारच्या बाकावरच्या ओबदुलियाला मी विचारलं, हे काय चाललंय. ओबदुलिया सहासष्ट वर्षांची आहे, एक्केचाळीस वर्षं या दालनात आहे. इथल्या बायकांना दिवस गेलेले त्यांच्याआधी तिला कळतात. ती म्हणाली, माझं लक्ष नव्हतं.

ओबदुलियाचं लक्ष नव्हतं, असं आजवर झालेलं नाही.

नोएल्विसबद्दल इथेच सांगते. नोएल्विस माझा धाकटा भाऊ. फेब्रुवारीत तो थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून कोहीमारच्या किनाऱ्यासमोर मासे धरायला गेला. चौघं गेले होते. उत्तरेचा वारा सुटला. तिघं परत आले. तो नाही, तराफा नाही, तराफ्याचा तुकडाही नाही. सात महिने झाले. नोंदणी कचेरीतून माझ्याकडे कागद आलाय. मी सही केली की नोएल्विस सरकारदरबारी मेला. कागद मी दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यावर शेवटची तारीख घातलेली होती, ऑक्टोबरची पहिली. आई मातान्सासला असते. तिला चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना सांगायची आहे, पण ती माझ्यासाठी थांबली आहे. सिओमाराला पटू दे, मग सांगू, असं ती शेजारणींना म्हणते. म्हणजे माझा भाऊ माझ्या एका न केलेल्या सहीवर जिवंत आहे.

आता परत खिडकीकडे.


पान १७९

दालनात वाचन आजही चालतं: सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी. कुठली कादंबरी ते दालन ठरवतं, हात वर करून. ऑगस्टमध्ये हात वर झाले तेव्हा मी नव्हते. सान्ता क्रूसच्या किनाऱ्याला एक शर्ट लागला होता, तो ओळखायला गेले होते. शर्ट त्याचा नव्हता. तरी मी आठवडाभर तिथेच फिरत राहिले. परत आले तर दालनाने ‘घरची’ निवडली होती आणि वाचन साठाव्या पानावर होतं. मी ती कधी वाचली नव्हती. या आधी दालनात ती वाचली गेली अकरा वर्षांपूर्वी, तेव्हा मी इथे नव्हते. आणि जी गोष्ट आपल्याच खिडकीची, ती वाचायला कोण जातं.

आमचा वाचक इदालबेर्तो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात दोरी बांधलेला चष्मा, बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. त्याच्या कामाचा नियम एकच आणि तो दालनातल्या प्रत्येकाला पाठ आहे: छापलंय तेवढंच. न आवडलेलं पानही पूर्ण वाचायचं. एका वाचकाने म्हणे नवऱ्याने बायकोला मारल्याचा परिच्छेद गाळला होता, बायकांना वाईट वाटेल म्हणून. बायकांनीच त्याला खुर्चीवरून उतरवलं.

एकशे अठ्ठावन्नाव्या पानावर आम्पारोचा नवरा सेवेरो वादळात होडी घेऊन गेला. ते वाचताना मास्तरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं तंबाखूचं पान ताणून धरलं होतं, ते फाटलं.

त्यानंतरच्या गोष्टी मी मनात एकाखाली एक ठेवत गेले.

जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याच्या पिंपाशी गेले की बोलणं थांबतं.

समोरच्या बाकावरचा एवेलिओ माझ्या मधे फुगलेल्या चिरुटांना नऊ वर्षं ‘गरोदर’ म्हणत आलाय. दहा दिवसांत एकदाही म्हणाला नाही.

तपासनीसाने माझे चार चिरूट मोजपट्टीत बसत नसताना पेटीत जाऊ दिले.

ओबदुलिया मला तिची कॉफी देते. ओबदुलिया तिची कॉफी तिच्या सख्ख्या बहिणीला देणार नाही.

यानेत माझ्याकडे बघून हसते.

यातून काय निघतं? मी तर एकच काढलं: मला हलवणार. खाली तळघरात, शिरा काढायच्या बाकावर. खिडकीची जागा दाखवण्याची आहे. तिथे रडक्या चेहऱ्याची, वाकडे चिरूट वळणारी बाई फोटोत नको. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी तोंड उघडत नाही.

मी ओबदुलियाला सरळ म्हटलं, “मावशी, मला कुठे पाठवताहेत ते तरी सांग.”

“कॉफी पी,” ती म्हणाली. “थंड होतेय.”


पान १९८

त्या दिवशी मास्तरने पान उलटलं आणि थांबला. पाणी प्यायला. त्याचा ध्वनिक्षेपक खरखरतो, त्यामुळे घोटसुद्धा सगळ्या दालनाला ऐकू गेला.

मग तो वाचू लागला. आठ महिने झाले होते. रात्री दार वाजलं. आम्पारोने दिवा घेऊन दार उघडलं. दारात सेवेरो उभा होता. दाढीत मीठ, पायात एकच बूट. “मला वाढ,” तो म्हणाला.

आवडलं की आम्ही चावेता, म्हणजे पान कापायची अर्धगोल पाती, लाकडी फळीवर आपटतो. सव्वाशे पात्या एकदम वाजल्या की खालच्या रस्त्यावरची कुत्री भुंकतात. त्या दिवशी कोणीच वाजवली नाही. मी मान वर केली. सगळे खाली बघत होते. मग ओबदुलियाने एकदा वाजवली. मग एवेलिओने. मग सगळ्यांनी, फार जोरात आणि फार वेळ.

मला ते विचित्र वाटायला हवं होतं. बाकी सगळ्याचा संशय आला, याचा नाही. माझी पाती सर्वांत शेवटी थांबली.

घरी जाऊन मी तो कचेरीचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि त्याच्यावर तांदूळ निवडले. खडे एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. आठ महिने. नोएल्विसला तर सातच झाले होते. सही करायची नाही, हे त्या रात्री पक्कं झालं. का ते मी कोणाला सांगितलं नाही. पुस्तकातला माणूस परत आला म्हणून, असं कोणाला सांगणार?


पान १९९ ते २०३, मध्ये दोन दिवस वीज नसल्याने वाचन नाही

परत आलेला सेवेरो झोपतो.

उठतो, जेवतो, परत झोपतो. आम्पारो कामावर जाते, भांडते, पोराला शाळेत घालते, हे सगळं मास्तर घडाघडा वाचतो. मग मध्येच त्याचा आवाज अडखळतो आणि सेवेरो कोपऱ्यात बसलेला असतो. “सेवेरो काही बोलला नाही.” “सेवेरोने मान हलवली.” “सेवेरो तेव्हा झोपला होता.”

एवेलिओ म्हणाला, आठ महिने समुद्रात राहून माणूस एवढा दमत नाही, दुसरीकडे कुठेतरी संसार मांडला असणार. मागच्या रांगेतून बाया म्हणाल्या, दमलेला कुठला, नवरे असेच असतात, समुद्रात जायची काय गरज. दालन हसलं. मीही हसले, पण हसता हसता मला शंका आली.

हा सेवेरो नाहीच.

आधीचा सेवेरो दोन पानं सलग शिव्या देऊ शकायचा. बोटीवर उभ्या उभ्या गाणी रचायचा. हा बसतो, आणि मान हलवतो. दुसराच कोणी त्याच्या नावाने घरात शिरला असावा, आणि पाटीवाला ते शेवटी उघड करणार असावा. मी रात्री याचाच विचार करत पडून राहायचे. नोएल्विस आला आणि असा नुसता बसून राहिला, तर मी ओळखेन का? विचारीन काय त्याला? लहानपणी आमच्या कुत्र्याचं नाव काय होतं ते विचारीन, असं मी ठरवलं.


पान २०४

गुरुवारी पाहुण्यांत एक म्हातारी होती. कामाग्वेहून आलेली, चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. नाव क्लोतिल्दे, ते नंतर कळलं. पंखा, छत्री आणि पिशवीत एक जुनं पुस्तक, पुठ्ठ्यावर निळा कागद चढवलेलं.

यानेत सगळ्यांना बेकरीच्या छपराकडे घेऊन गेली. म्हातारीने एकदा बाहेर बघितलं आणि म्हणाली, ही ती खिडकी नव्हे. इथून बंदर कुठे दिसतंय? यानेत हळू आवाजात काहीतरी म्हणाली. शाळामास्तरणीला हळू आवाज चालत नाही. तिने पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, आणि खांबापासून तिसरी खिडकी, असं दालनभर ऐकवलं. मग बोट उचलून सरळ माझ्याकडे दाखवलं.

“ती तिथे बसलीय ना, ती खिडकी.”

यानेतने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि बोट खाली घेतलं. पण ती इतरांबरोबर गेली नाही. कादंबरी ऐकूनच जाईन म्हणाली आणि भिंतीकडेच्या बाकड्यावर बसून राहिली. जेवणाची सुट्टी झाली, तिने डब्यातला भात-घेवडा खाल्ला, आणि मास्तर खुर्चीवर चढला तेव्हा पुस्तक मांडीवर घेऊन तयार होती.

आता मी चिरूट सोडून तिच्याकडेच बघत होते. मास्तर वाचायचा, तिचं बोट ओळीवरून सरकायचं. बोट थांबलं. मागे गेलं. तिने एक पान मागे उलटलं, मग आणखी काही पानं. मग मास्तरकडे बघितलं. मास्तरने तिला बघितलं आणि त्याला खोकला सुरू झाला. सेवेरो तेव्हा जेवत होता. त्याचा घास तोंडातच राहिला. मास्तरने पुस्तक मिटलं, घसा बसलाय म्हणाला, आणि वेळेच्या वीस मिनिटं आधी खाली उतरला.

म्हातारी तपासणीसाठी आली आहे, हे मी ओळखलं. मास्तरची तपासणी. खुर्ची काढून रेडिओ लावायचं बोलणं अधूनमधून चाललेलंच असतं. मला हलवणार आणि मास्तरलाही, एकाच कागदावर. मी ओबदुलियाला हे सांगितलं तर ती माझ्याकडे इतक्या कणवेने बघत राहिली की मला तिचा राग आला.

दिवस संपल्यावर म्हातारी जिन्यापाशी मास्तरशी बोलताना दिसली. बोलत होता तो, ही ऐकत होती. त्याचे दोन्ही हात वर-खाली होत होते. मी जवळ गेले, तर त्याने हात खिशात घातले.


पान २०७

शुक्रवारी ती परत आली. या वेळी पुस्तक बाहेर काढलं नाही. नुसती पंख्याने वारा घेत बसली आणि वाचन संपल्यावर उठून न्हाणीघराकडे गेली. मी हातातलं काम टाकून मागे निघाले. ओबदुलियाने माझा मळकट एप्रन मागून धरला. “पोरी, बस,” म्हणाली. मी एप्रन तिच्या हातात सोडून गेले.

म्हातारी हात धूत होती. नळाला पाणी नव्हतं, ती डब्यातल्या पाण्याने धूत होती.

मी म्हटलं, तुम्हाला कोणी पाठवलंय? ती म्हणाली, कोणी नाही. दरवर्षी मुलांना ही कादंबरी शिकवली आणि खिडकी कधी बघितली नव्हती, म्हणून आले. मी म्हटलं, मग काल मास्तर तुम्हाला काय सांगत होता? शिकवणाऱ्या माणसाला खोटं बोलता येतं, पण समोरच्याने डोळ्यांत बघून प्रश्न विचारला की जमत नाही. तिने पिशवी घट्ट धरली. पिशवीत काय आहे ते दोघींना ठाऊक होतं.

“द्या,” मी म्हटलं.

“तू सिओमारा ना? नको मागूस, बाळे.”

“माझं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?”

तिने पिशवी उघडली. पुस्तक माझ्या हातात देताना पानाचा आकडा सांगितला नाही. मी एकशे अठ्ठ्याण्णव काढलं.

दार वाजलं होतं. आम्पारोने दिवा घेऊन उघडलं होतं. दारात बंदरावरचा शिपाई होता. होडी बंदरापलीकडच्या कासाब्लांकाच्या खडकांत उलटी सापडली होती, आणि होडीखाली सेवेरो. शिपाई म्हणाला, ओळखायला कोणीतरी चला. पुढे आम्पारो शाल शोधते, अर्धं पान शाल शोधते, आणि ती तिच्याच खांद्यावर असते.

त्यानंतर सेवेरोचं नाव पुस्तकात कुठेच नव्हतं. मी पुढची पंधरा पानं उभ्या उभ्या चाळली. जेवण नाही, झोप नाही, मान हलवणं नाही.

म्हातारीने माझ्या दंडाला हात लावला. मी तो झटकला. मग पुस्तक मागून घेतलं. ती रविवारपर्यंत बहिणीकडे होती, तोवर ठेव म्हणाली.

सव्वाशे माणसं. त्यांतल्या साठांनी तरी ती अकरा वर्षांपूर्वी ऐकलेली. बाकीच्यांना यांनी सांगितलेली. यानेतला ठाऊक, म्हणून तिने खिडकी हलवली. पाहुण्यांपैकी कोणी माझ्या डोक्यावर उभं राहून ‘इथेच बिचारी बुडालेल्याची वाट बघत बसली’ म्हणू नये म्हणून. तपासनीसाला ठाऊक. पाण्याच्या पिंपाशी सगळ्यांना ठाऊक. त्यांनी मिळून एक मेलेला माणूस माझ्यासाठी उभा केला, आणि मी त्याच्या जिवावर कागदावर तांदूळ निवडत बसले.


पान १९८, पुन्हा

शनिवारी अर्धा दिवस असतो, त्यामुळे कादंबरी सकाळीच होते. मास्तरने दोनशे दहावं पान उघडलं आणि मी हात वर केला.

दालनात एक हक्क प्रत्येकाला आहे. पंख्याच्या आवाजात, खोकल्यात, कशातही एखादं पान ऐकायचं राहिलं तर हात वर करून परत मागता येतं. वाचकाला नाही म्हणता येत नाही. लोक क्वचितच मागतात, कारण बाकीचे कंटाळतात.

मास्तर म्हणाला, “कुठलं, सिओमारा?”

“एकशे अठ्ठ्याण्णव.”

त्याने पानं मागे उलटली. फार हळू उलटली. मी म्हातारीचं निळं पुस्तक फळीवर ठेवलं, तंबाखूच्या पानांच्या वर, आणि उघडलं. सगळ्यांनी बघितलं. एवेलिओच्या हातातला चिरुटांचा साचा खाली पडला.

मास्तरने सुरुवात केली. आठ महिने झाले होते. रात्री दार वाजलं. आम्पारोने दिवा घेऊन दार उघडलं. दारात

तिथे तो थांबला.

मला कळत होतं तो काय आठवतोय. दाढीत मीठ आधी की बूट आधी. छापलेलं असतं तर हे आठवावं लागलं नसतं. त्याने रचलेलं त्याच्याजवळ कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि आता तेच दुसऱ्यांदा म्हणायचं तर शब्द जागेवर येत नव्हते. माझं बोट ओळीवर होतं.

“दारात,” मी म्हटलं. “पुढे.”

मास्तरने चष्मा काढला, पुसला, घातला. मग जे होतं ते वाचलं. शिपाई, खडक, होडी, होडीखाली सेवेरो. आवाज कापला नाही त्याचा, ते मी मान्य करते. शाल शोधायच्या ठिकाणी मागे कोणीतरी रडायला लागलं. मी नव्हते. मी शब्द जुळतात का बघत होते. सगळे जुळले.

पान संपल्यावर त्याने ध्वनिक्षेपक बंद केला आणि खुर्चीवरून खाली उतरून माझ्या बाकापाशी आला. वाचनाच्या वेळात वाचक खाली आलेला मी कधी बघितला नव्हता.

“मी फक्त त्या दिवसापुरतं थांबवणार होतो,” तो म्हणाला. “तुझ्याकडे बघितलं आणि शिपायाऐवजी तोच दारात आला. एकदा आत घेतल्यावर त्याला परत बुडवायचं कसं? रोज जेवायला घालावं लागत होतं त्याला. मला लिहिता येत नाही गं. नुसतं वाचता येतं.”

“आणि मी सही केली नाही, ते ठाऊक होतं तुम्हाला?”

“कुठली सही?”

तो खरं बोलत होता का? त्याच्या तोंडाकडे बघून आता मला काहीच सांगता येत नव्हतं. मी ओबदुलियाकडे वळले. कागदाचं तिला मी सांगितलं होतं. तिने मान खाली घातली नाही. “मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “वाटलं, एवढी कादंबरी संपू दे.”

नियमाने मी त्याच क्षणी तक्रार करू शकत होते. छापलंय त्यापेक्षा जास्त वाचलं. हात वर झाले असते, आणि बावीस वर्षांची खुर्ची सोमवारी रिकामी झाली असती. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मास्तरही.

मी म्हटलं, मास्तर, माझं दुसरं एक काम आहे. ते करा, मग बघू.


नोंदणी कचेरी, मंगळवार

कचेरीच्या कागदाला दोन साक्षीदार लागतात. हरवलेल्याला ओळखणारे, आणि नातेवाईक नसलेले. मी ओबदुलिया आणि इदालबेर्तोला घेऊन गेले. मास्तर नोएल्विसला ओळखायचा. कारखान्याच्या डिसेंबरच्या सहलीत दोघं डॉमिनो खेळले होते आणि मास्तर हरला होता.

कारकून पोरसवदा होता, केसांना तेल लावलेला. त्याच्या टेबलावरचा पंखा फक्त त्याच्याकडे वळलेला होता. त्याने आधी ओबदुलियाचं नाव-पत्ता लिहिलं, मग तिचे प्रश्न झाले. ती शांतपणे बोलली. मला तिच्या शांतपणाचाही विश्वास वाटेना. हिने घरी आरशासमोर पाठ केलं असेल, असं वाटत राहिलं.

मग मास्तर. शेवटचं कधी पाहिलं? डिसेंबरात, बाकुरानाओच्या किनाऱ्यावर. समुद्रावर गेला हे कसं कळलं? दालनात सगळ्यांना कळलं. कारकून लिहीत होता. एका वाक्यात तीनदा खाडाखोड केली. मी म्हटलं, नवीन कागद घ्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नवीन कागद घेतला.

“त्या दिवसानंतर तो घरी, कामावर किंवा आणखी कुठे परत आल्याचं तुमच्या माहितीत आहे का?”

मास्तर माझ्याकडे बघू लागला.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने त्याच्या तोंडाने म्हणावं, एवढ्यासाठीच मी त्याला आणलं होतं. दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं तर मी मानलं नसतं. कचेरीने तीनदा म्हटलं होतं, आईने म्हटलं होतं, परत आलेल्या तिघांनी तर माझ्या दारात उभं राहून म्हटलं होतं. मी एकाचंही ऐकलं नाही. आणि या माणसाने एक वाक्य वाचलं, ते ऐकलं.

“नाही,” मास्तर म्हणाला.

“पूर्ण सांगा. असं अर्धं लिहिता येत नाही.”

“तो परत आला नाही.” मग पुन्हा, “नोएल्विस परत आला नाही. कुठेही.”

कारकुनाने लिहिलं. कागद माझ्याकडे फिरवला. मी तो वरून खालपर्यंत वाचला, मग खालून वर, तारखा पुन्हा बघितल्या. अकरा फेब्रुवारी. जन्मतारीख बरोबर होती. आईच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करायला लावलं. मग माझ्याजवळ करायला दुसरं काही उरलं नाही. मी सही केली.

खाली रस्त्यावर ओबदुलियाने विचारलं, तक्रारीचं काय. मास्तर दोन पावलं पुढे चालत होता, त्यालाही ऐकू आलं असणार. मी म्हटलं, माझी तक्रार नाही, पण यापुढे तो वाचेल ते पुस्तक मी बाकावर उघडं ठेवणार, बोट ओळीवर ठेवून ऐकणार. चिरूट कमी होतील, होऊ देत. मास्तरने मागे न बघता मान हलवली. याआधीच्या नऊ वर्षांत त्याने जी पुस्तकं वाचली, त्यांची नावंही मी ताडून बघायला लिहून काढली आहेत. वाचनालयात बाई एका वेळी दोनच देते.

कोपऱ्यावरच्या दुकानातून आईला फोन लावला. शेजारणीने उचलला, आईला हाक मारायला गेली. मला तिच्या चपला ऐकू आल्या, मग आईच्या.

“आई, सही केली,” मी म्हटलं. “प्रार्थना सांग.”

मागे कोणाचं तरी भांडं घासणं चाललं होतं, ते थांबलं.

“रविवारी सकाळी सातची असते,” आई म्हणाली. “तू शनिवारीच ये. पहाटेच्या बसचा भरवसा नाही.”